हार्वेस्टरचं क्लच बेअरिंग वारंवार जातंय? नवं बसवण्याआधी जुनं नीट वाचा

ऐन सुगीत रात्री बॅटरीच्या उजेडात नवं बेअरिंग बसवायचं, पहाटे मशीन शेतात लावायचं आणि आठवडाभरात तोच किंचाळल्यासारखा आवाज पुन्हा ऐकायचा. हे ज्याच्या वाट्याला आलंय, त्याला या लेखाचं कारण सांगायला नको. बेअरिंग एकदा गेलं तर ते वयानं गेलं असेल. त्याच जागी, त्याहून कमी तासांत दुसऱ्यांदा गेलं, तर बिघाड शेजारी कुठेतरी आहे: शाफ्टवर, पुलीच्या पट्ट्यात (बेल्टमध्ये), बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कमध्ये किंवा पेडलवर टेकवून ठेवलेल्या पायात. तो सापडेपर्यंत तिसरं बेअरिंग बसवू नका, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे. तो कसा शोधायचा, ते क्रमानं सांगतो.

आधी ठरवा, गेलंय नेमकं कोणतं

'क्लच बेअरिंग' या एका नावाखाली हार्वेस्टरवर तीन-चार वेगळी बेअरिंगं येतात. पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटच्या फिंगरांवर (बोटांसारख्या लिव्हरांवर) टेकतं ते रिलीज बेअरिंग. क्लच शाफ्टचं टोक फ्लायव्हीलमध्ये पेलतं ते छोटं पायलट बेअरिंग. मग क्लच शाफ्ट किंवा क्लचची पुली धरणारी बेअरिंगं. आणि मळणीचा किंवा धान्य रिकामं करणाऱ्या ऑगरचा पट्टा ताणून चालू-बंद करणाऱ्या टेन्शनर पुलीचं बेअरिंग. त्यालाही बरेच जण क्लचचंच म्हणतात. हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) मशीनवर चालीसाठी पायाचा क्लच नसतो, पण टेन्शनर पुली तिथेही असते.

ट्रॅक्टरचा अनुभव इथे अर्धाच कामाला येतो. ट्रॅक्टरवर इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स सहसा एका रेषेत, एकमेकांना जोडून असतात. बऱ्याच हार्वेस्टरवर इंजिन वर, गिअरबॉक्स खाली पुढच्या चाकांपाशी आणि दोघांच्या मध्ये व्हेरिएटरचा (चालीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या पुल्यांचा) रुंद पट्टा असतो. क्लच त्या पुलीतच बसवलेला असेल तर पट्ट्याची सगळी ओढ आडवी त्याच्या शाफ्टवर येते. म्हणून इथे नुसता क्लच उघडून भागत नाही, पट्टाही तपासावा लागतो.

आवाजावरून निदान असं करा. गिअर न्यूट्रलला, मळणी बंद, इंजिन मंद. पेडल दुसऱ्याला दाबायला सांगा, तुम्ही लांब उभं राहून ऐका. गार्ड काढून आत डोकावू नका. पेडल हलकंच टेकवल्याबरोबर आवाज सुरू झाला आणि सोडल्यावर थांबला, तर रिलीज बेअरिंग. पेडल पूर्ण दाबून क्लच सुटल्यावरच आवाज येत असेल आणि गिअरही अडत असेल, तर पायलट, किंवा पुलीत क्लच असलेल्या रचनेत पुलीच्या आतलं बेअरिंग. कारण क्लच धरलेला असताना या बेअरिंगच्या दोन्ही रिंगा बरोबरच फिरतात. एकमेकींवर त्या फिरतात क्लच सुटल्यावरच. इंजिनाला जोडलेल्या क्लचमध्ये पेडल वर असताना आवाज येतो आणि दाबल्यावर बंद होतो, तेव्हा क्लच शाफ्टचं किंवा गिअरबॉक्सच्या तोंडचं बेअरिंग पाहा.

उघडण्याआधी

मशीन सपाट जागी, हेडर (पुढचा कापणीचा भाग) खाली टेकवलेला, चाकांना दोन्हीकडून ओट (अडवणारे ठोकळे), चावी खिशात, बॅटरीची वायर काढलेली. स्प्रिंगनं ताणलेला पट्टा आधी ढिला करा, मगच पुलीला हात लावा. क्लचमधली धूळ हवेच्या पाइपनं उडवू नका. जुन्या प्लेटांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतं; ओल्या फडक्यानं पुसा.

आणि काहीही खोलण्याआधी पांढरा रंग घेऊन बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगेवर दोन खुणा करा: वरची बाजू कोणती आणि इंजिनाकडची बाजू कोणती. ही दोन मिनिटं बहुतेक जण वाचवतात आणि पुढचं सगळं निदान गमावून बसतात.

जुनं बेअरिंग फेकू नका

बेअरिंग बाहेर आल्यावर ते भंगारात टाकायची घाई करू नका. रॉकेल किंवा डिझेलनं धुण्याआधी ग्रीस दोन बोटांत चोळून बघा. खरखर लागली तर धूळ आत शिरली आहे. दुधी, पांढुरकं झालं असेल तर पाणी. काळं, सुकून डांबरासारखं चिकटलं असेल तर उष्णता.

मग ते उघडा. साध्या बॉल बेअरिंगचं सील काढा, छर्रे धरणाऱ्या केजच्या रिव्हेटा ड्रिलनं उडवा, केज काढा आणि सगळे छर्रे एका बाजूला गोळा करा. आतली रिंग दुसऱ्या बाजूला सरकते आणि दोन्ही रिंगा सुट्या होतात. डोळ्यांवर चष्मा हवाच. रिंगेवर हातोडा घालून फोडायचा मोह टाळा, कारण ते पोलाद कडक असतं आणि काचेसारखे तुकडे उडतात.

आता रिंगा धुवून उजेडात तिरक्या धरा. छर्ऱ्यांच्या वाटेवर एक मंद, राखाडी पट्टा उमटलेला दिसेल. तो पट्टाच सगळं सांगतो. पुलीवरच्या बेल्टची ओढ एकाच दिशेनं असते आणि आतली रिंग फिरते, तेव्हा बाहेरच्या रिंगेवरचा पट्टा एकाच बाजूला, अर्ध्या घेरापेक्षा कमी असायला हवा. आतल्या रिंगेवर तो पूर्ण गोल फिरतो. असं असेल तर भार बरोबर होता. तो पट्टा बाहेरच्या रिंगेवर एका बाजूला एका काठाकडे आणि समोरच्या बाजूला दुसऱ्या काठाकडे झुकलेला असेल, तर शाफ्ट आणि हाऊसिंग (बेअरिंगचं बाहेरचं घर) एका रेषेत नाहीत. दोन्ही रिंगांवर तो पूर्ण घेरभर आणि रुंद उमटला असेल, तर बेअरिंग आतून आवळलं गेलं होतं: फिट जास्त घट्ट, किंवा आतली मोकळीक कमी पडली.

छर्ऱ्यांच्या अंतराएवढ्या सारख्या अंतरावर खळगे दिसले, तर बसवताना हातोड्याचे घाव छर्ऱ्यांमधून गेले. तसेच खळगे पण तळाशी तांबूस भुकटी असेल, तर बेअरिंग न फिरता थरथरत राहिलं. दोन्ही रिंगा बरोबर फिरणाऱ्या जागी हे हमखास दिसतं, आणि महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या मशीनवरही. धुण्याच्या जुन्या लाकडी पाटीवर असतात तशा बारीक आडव्या रेघा म्हणजे वेल्डिंगचा करंट बेअरिंगमधून गेला. रिंगेचा रंग पिवळसर-तपकिरी झाला तर ती सुमारे २०० ते २५० अंशांपर्यंत तापली, निळा झाला तर ३०० च्या आसपास. अशा पोलादाचा कडकपणा गेलेला असतो. आणि बोअरच्या (आतल्या रिंगेच्या छिद्राच्या) आत, शाफ्टला चिकटणाऱ्या पृष्ठभागावर, गंजासारखी लाल-तपकिरी भुकटी आणि चकचकीत पट्टे दिसले तर आतली रिंग शाफ्टवर घसरत होती.

कागदावर हे लिहून ठेवा. पुढे कुठे शोधायचं ते यावरून ठरतं.

रिलीज बेअरिंग जात असेल तर

रिलीज बेअरिंगचं आयुष्य ते किती वेळ फिंगरांवर दाबलेलं असतं यावर ठरतं. साध्या, फट ठेवण्याच्या रचनेत पेडल सोडलेलं असताना ते फिंगरांपासून सुटं असलं पाहिजे. पुष्कळ मशीनवर ही फट दोन-तीन मिमी असते आणि पेडलवर ती वाढून २० ते ३० मिमी मोकळा प्ले म्हणून जाणवते. तुमच्या मशीनच्या मॅन्युअलमधला आकडाच अंतिम. काही हायड्रॉलिक रचनांत बेअरिंग सतत हलकंसं टेकलेलंच असतं, तिथे फट शोधत बसू नका.

एक गोष्ट ध्यानात ठेवा: क्लच प्लेट झिजत जाते तसतशी फिंगरं बेअरिंगकडे सरकतात. म्हणजे कोणी हात न लावताही प्ले कमी होत जातो. हंगामाच्या सुरुवातीला बरोबर असलेली फट मध्यावर संपलेली असते, बेअरिंग रात्रंदिवस फिरत राहतं आणि वर प्लेट पूर्ण दाबली न गेल्यानं घसरून तापायला लागते. ती उष्णता पुन्हा बेअरिंगचंच ग्रीस वितळवते. म्हणून प्ले तपासणं हे दर आठवड्याचं काम आहे.

पेडलचा प्ले मात्र फसवू शकतो. एका मशीनवर मी एकाच हंगामात तीन वेळा रिलीज बेअरिंग बदललं. पेडलचा प्ले दर वेळी नेमका होता. तिसऱ्यांदा उघडल्यावर बेअरिंगचा कॅरिअर ज्या नळीवर पुढे-मागे सरकतो, त्या नळीवरून मी नख फिरवलं, तर ते एका जागी अडकलं. डोळ्याला काही दिसत नव्हतं, पण नखाला पायरी लागत होती. कॅरिअर घासून तिथे खाच पडली होती. पेडल सोडलं की स्प्रिंग पेडलला वर ओढायची, प्ले छान जाणवायचा आणि कॅरिअर मात्र त्या खाचेत अडकून फिंगरांना घासत राहायचा. नळी आणि कॅरिअर बदलल्यावर त्या जागचं बेअरिंग पुढचे हंगाम टिकलं. तेव्हापासून मी फट पेडलवर मोजून थांबत नाही. झडपेतून आत फीलर गेज घालून खुद्द बेअरिंगपाशी मोजतो, आणि क्लच पाच-सहा वेळा दाबून-सोडून पुन्हा मोजतो.

उघडलेलंच आहे तर याच जोडीला हे बघून घ्या. फोर्कची दोन्ही टोकं सारखी झिजली आहेत का? एक टोक जास्त खाल्लेलं असेल तर बेअरिंग तिरकं ढकललं जातं. फोर्कच्या पिनेचे बुश हलतात का? कॅरिअरची परतीची स्प्रिंग तुटलेली, लांबलेली किंवा भलत्याच छिद्रात अडकवलेली नाही ना? हायड्रॉलिक पेडल असेल तर मास्टर सिलिंडरच्या पुशरॉडला थोडा मोकळेपणा आहे ना? तो नसेल तर तेल टाकीत परतत नाही, गरम होऊन फुगतं आणि पेडल वर असूनही बेअरिंग दाबून धरतं.

फिंगरांची उंची सपाट पट्टी आणि व्हर्नियर घेऊन प्रत्येक फिंगरावर मोजा. लिव्हरच्या प्रकारात फरक अर्ध्या मिमीच्या आत आणा. एक फिंगर उंच राहिलं की बेअरिंग प्रत्येक फेऱ्याला डुलतं आणि सगळा भार त्या एकाच बाजूला येतो. डायफ्रामच्या प्रेशर प्लेटची बोटं वाकवून सारखी करत बसू नका. खाच पडलेली किंवा वाकलेली असतील तर प्रेशर प्लेटच बदला.

राहिला ड्रायव्हरचा पाय. दाट पिकात मळणीवर भार आला की काही जण क्लच अर्धवट दाबून मशीन हळू करतात. वेग कमी करायला व्हेरिएटर आहे, क्लच नाही. ट्रॉलीची वाट बघताना गिअरमध्ये क्लच दाबून उभं राहणं, हीही तशीच सवय. न्यूट्रल करा आणि पाय पेडलवरून काढून केबिनच्या तळावर ठेवा. ड्रायव्हरला रागावून हे होत नाही. जळालेलं बेअरिंग त्याच्या हातात ठेवून समजावलं की लक्षात राहतं.

पुलीचं किंवा शाफ्टचं बेअरिंग जात असेल तर

इथे मोजमापाला पर्याय नाही. बेअरिंग बसते ती शाफ्टची जागा मायक्रोमीटरनं तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी आडवी-उभी अशी मोजा. ३० मिमी बोअरच्या बेअरिंगसाठी, आतली रिंग फिरणारी असेल तर, शाफ्ट सहसा ३०.००२ ते ३०.०१५ मिमीच्या दरम्यान ठेवतात. बेअरिंगचं बोअर ३०.००० पासून खाली ०.०१ मिमीपर्यंत असतं, म्हणजे किंचित घट्टपणा येतोच. असं बेअरिंग थंड असताना हातानं सरकून बसलं, तर शाफ्ट झिजलेला आहे, मग तो कितीही चकचकीत दिसो. ग्रब स्क्रूनं आवळायची इन्सर्ट बेअरिंगं मात्र मुळात हातानं सरकणारीच असतात. त्यांना हा नियम लावू नका, तिथे स्क्रूखालची शाफ्टची खूण आणि स्क्रूची आवळ बघा.

झिजलेल्या शाफ्टवर पंचनं ठिपके मारून बेअरिंग घट्ट बसवायचं, किंवा पत्र्याची पट्टी घालायची, ही सर्रास चालणारी गोष्ट आहे आणि तीच पुढच्या बिघाडाचं मूळ असते. ठिपक्यांची टोकं काही तासांत चेपतात, रिंग पुन्हा फिरू लागते. पट्टीमुळे ती लंबगोल होते. शाफ्ट वेल्डिंगनं भरून लेथवर मापात आणा, किंवा बदला. अगदी थोडी ढिलाई असेल आणि हंगाम अर्ध्यावर असेल तर बेअरिंग धरून ठेवणारं लॉकिंग केमिकल तात्पुरतं चालतं, पण ते तात्पुरतंच. शाफ्ट लेथवर गेलाच आहे तर डायल गेज लावून तो मारतो का (वाकडा फिरतो का) तेही बघा. बेअरिंगच्या जागी ०.०५ मिमीपेक्षा जास्त काटा हलला तर तो शाफ्ट परत घालू नका.

त्यानंतर पट्टा. बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या प्रमाणात घटतं: भार दुप्पट झाला तर आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं. पट्टा नुसता चतुर्थांशानं जास्त ताणला तरी आयुष्य जवळपास निम्मं होतं. 'घसरायला नको म्हणून जरा जास्तच आवळला' या वाक्याची किंमत इतकी मोठी आहे. साध्या व्ही-पट्ट्याला मधोमध दाबल्यावर दर मीटर मोकळ्या लांबीला साधारण १६ मिमी दबाव यायला हवा. दाबायचा जोर पट्ट्याच्या प्रकारानुसार ठरतो. व्हेरिएटरचा पट्टा स्प्रिंगनं किंवा हायड्रॉलिकनं ताणला जातो, त्याला हे माप लागू नाही. पट्टा घसरत असेल तर आवळण्याआधी पुलीची खाच बघा. पट्टा खाचेच्या तळाला टेकून तळ चकाकत असेल, तर पुली किंवा पट्टा झिजलाय आणि कितीही ताणलं तरी तो घसरणारच.

पुल्यांची रेषा सुतळीनं तपासता येते. सुतळी दोन्ही पुल्यांच्या बाहेरच्या कडांवरून ताणून धरा; कडांची जाडी सारखी असेल तर ती चारही ठिकाणी एकाच वेळी टेकली पाहिजे. इंजिनाखालचे रबर पॅड बसलेले असतील तर उभ्या मशीनवर रेषा बरोबर दिसते आणि भार आला की इंजिन पट्ट्याच्या ओढीनं झुकतं. म्हणून पॅड आधी, रेषा नंतर.

नवं बेअरिंग

जुन्यावरचा पूर्ण नंबर वाचा, शेपटीसकट. ६२०६ म्हणजे ३० मिमी बोअर, कारण शेवटचे दोन आकडे गुणिले पाच. त्यापुढची अक्षरं तितकीच महत्त्वाची: 'टू आरएस' म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, 'झेडझेड' म्हणजे पत्र्याची झाकणं, 'सी३' म्हणजे आतली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त. मूळ बेअरिंग सी३ असेल तर त्याजागी साधं घालू नका. क्लचच्या उष्णतेनं आतली रिंग फुगते आणि साधं बेअरिंग आवळलं जातं. रिंगांवर पूर्ण घेरभर उमटलेला तो पट्टा आठवा. धुळीच्या जागी पत्र्याच्या झाकणापेक्षा रबरी सील बरं.

बसवणं

शाफ्टवर बसवताना जोर फक्त आतल्या रिंगेवर, हाऊसिंगमध्ये बसवताना फक्त बाहेरच्या रिंगेवर. योग्य मापाचा पाइप किंवा जुन्या बेअरिंगची रिंग वापरा आणि शक्यतो प्रेसवर दाबा. उघडं बेअरिंग तेलात किंवा इंडक्शन हीटरवर ११० अंशांपर्यंत तापवा, १२० च्या वर कधीही नको. तापमान ८० अंशांनी वाढलं की ३० मिमीचं बोअर सुमारे ०.०३ मिमी उघडतं आणि बेअरिंग हलकेच जागेवर जातं. सीलबंद बेअरिंग ८० अंशांच्या वर नेऊ नका. गॅसच्या ज्योतीनं तर कोणतंच तापवू नका.

उघड्या बेअरिंगमध्ये मोकळ्या जागेच्या ३० ते ५० टक्के ग्रीस पुरे. ठासून भरलं तर ते घुसळून तापतं. क्लचजवळ जादा ग्रीस याहून वाईट, कारण ते उडून प्लेटवर जातं, प्लेट घसरते, तापते आणि पुढचं बेअरिंग भाजतं. निप्पल नसलेल्या रिलीज बेअरिंगला बाहेरून ग्रीस थापायची गरज नाही. लिथियम आणि पॉलियुरिया ग्रीस एकत्र करू नका. बऱ्याचदा मिश्रण पातळ होऊन वाहून जातं. ग्रीस गन लावण्याआधी निप्पल पुसा, नाहीतर त्यावरची धूळ तुम्हीच आत ढकलता.

वेल्डिंग आणि पाणी

रेघा पडलेलं बेअरिंग सापडलं असेल तर मागच्या हंगामात मशीनवर कुठे वेल्डिंग झालं ते आठवा. अर्थिंगचा चिमटा चेसिसला लांब कुठेतरी लावला आणि वेल्डिंग पुलीच्या किंवा शाफ्टच्या जवळ केलं, तर करंट बेअरिंगमधूनच जातो. चिमटा ज्या भागाला वेल्डिंग करायचं त्याच भागाला, अगदी जवळ लावा, आणि बॅटरी सोडवा. धुताना जोराच्या पाण्याचा फवारा सीलवर मारू नका. गरम बेअरिंगवर थंड पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि पाणी सीलमधून आत ओढलं जातं.

पहिले काही तास

बसवल्यावर अर्धा तास मशीन भाराविना चालवा, मग हाऊसिंगचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरनं घ्या. नवं ग्रीस पसरेपर्यंत बेअरिंग थोडं जास्त तापतं, नंतर खाली येऊन स्थिरावतं. तापमान चढतच राहिलं तर थांबवा आणि फिट, पट्टा, ग्रीस पुन्हा बघा. नवा पट्टा टाकला असेल तर तो पहिल्या एक-दोन दिवसांतच लांबतो. तेव्हा ताण पुन्हा तपासा. रिलीज बेअरिंगची फट पहिल्या दहा तासांनी एकदा मोजा.

केबिनमध्ये एक वही ठेवा: तारीख, तासमापकाचा आकडा, बेअरिंगचा पूर्ण नंबर, मोजलेली फट, पट्ट्याचा दबाव, जुन्या रिंगेवर काय दिसलं. हंगाम संपल्यावर मशीन झाकून ठेवाल तेव्हा महिन्यातून एकदा काही मिनिटं सुरू करून क्लच दहा-बारा वेळा दाबा, म्हणजे छर्रे एकाच जागी टेकून राहणार नाहीत आणि प्लेटही फ्लायव्हीलला चिकटणार नाही.